किनाऱ्यावरील गायनमंडळें आणि त्यांचा ध्वनिवर्धक

उत्तरेस उरणपासून दक्षिणेस हरिहरेश्वरापर्यंत रायगड जिल्ह्याचा जो समुद्रकिनारा पसरला आहे, त्यावर गाणेंबजावणें नाहीं असें गांव शोधून काढणें कठीण. नारळी पौर्णिमेस कोळीवाड्यांतून निघणारी नारळाची मिरवणूक, मार्गशीर्षांत चौलास भरणारी दत्ताची यात्रा, गौरीगणपतीच्या दिवसांत दक्षिण रायगडांत रंगणारा जाखडीचा नाच, आगरी व कोळी लग्नांतील हळदीची रात्र आणि एकादशी चुकूं न देणारीं भजनी मंडळें, या सर्वांनीं मिळून किनाऱ्याचें वर्ष भरतें. या कार्यक्रमांतील कलावंत बहुधा पांच ते सात असतात: एक मुख्य गाणारा, एकदोन मागें म्हणणारे, एक ढोलकीवाला, एक बेंजो किंवा पेटी वाजविणारा आणि एखादा झांजेवर. दिवसा मासेमारी, शेती किंवा नोकरी करावी आणि सायंकाळीं गावें, अशीच बहुतेकांची स्थिति. बिदागींतून चार पैसे बाजूस टाकीत टाकीत अशा मंडळाच्या पदरीं एके दिवशीं इतकी रक्कम जमते, कीं भाड्याच्या यंत्रास रजा देऊन स्वतःचें ध्वनिवर्धक यंत्र घ्यावें असें सर्वांच्या मनांत येतें.

ही खरेदी मंडळाच्या आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां व्हावयाची. ती साधली तर मंडळ कित्येक वर्षें निश्चिंत होतें; फसली तर जड खोकीं कोणाच्या तरी पडवींत धूळ खात पडतात, सांठविलेले पैसे बुडतात आणि गाणारा पुन्हां घसा फोडूं लागतो. यास्तव दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच कांहीं गोष्टींचा विचार करणें अगत्याचें आहे.

पहिला विचार हा, कीं हें यंत्र हवें कशासाठीं? ढोलकीस त्याची गरज थोडी. तिची थाप उघड्या मैदानांतहि लांबवर जाते. झांजेस तर मुळींच नाहीं. गरज आहे ती गाणाऱ्याच्या शब्दास. जाखडींत एका पक्षानें सवाल टाकावयाचा आणि दुसऱ्यानें त्याचा जबाब द्यावयाचा. शब्द कळला नाहीं म्हणजे सवालहि गेला आणि जबाबहि गेला, उरले ते पायांतले चाळ. लग्नांत धवलारीण धवले गाते, ते तिच्या बोलींत असतात. तरुण मंडळीच्या कानांवर ती बोली गाण्याच्या रूपानें पडण्याचे प्रसंग आतां थोडेच उरले आहेत. यंत्राच्या करकरींत ते शब्द बुडाले तर गाणें चालू असूनहि त्याचा अर्थ हरवतो. शिवाय गाणाऱ्याच्या गळ्याचा प्रश्न आहेच. ढोलकीच्या गजरांत स्वतःचा आवाज स्वतःस ऐकूं येईनासा झाला, कीं गायक नकळत ओरडूं लागतो. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे स्वरतंतूंवर गांठी येतात आणि चांगला गळा अकालीं बसतो. म्हणून यंत्राची कसोटी एकच: शेवटच्या रांगेंत बसलेल्या म्हाताऱ्या माणसास प्रत्येक शब्द कळावा, आणि तो कळण्यासाठीं गाणाऱ्यास ओरडावें लागूं नये. यापुढील सर्व निवड या एका कसोटीवर घासून पाहावी.

या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. १९१५ सालीं अमेरिकेंत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनीं नाताळच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत मोठ्या जनसमुदायास विजेच्या साह्यानें गाणें ऐकविलें. १९१९ मध्यें अध्यक्ष विल्सन यांचें सॅन दिएगो येथील भाषण त्यांच्याच यंत्रानें दूरवर पोंचलें. १९२५ मध्यें राइस व केलॉग यांनीं चुंबकांत हालणारें वेटोळें आणि त्याला जोडलेला कागदी शंकु, अशी स्पीकरची रचना विद्वानांपुढें मांडली. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. आरंभींच्या काळीं विजेची शक्ति मोठ्या मुष्किलीनें मिळे, म्हणून थोड्या शक्तींत पुष्कळ आवाज देणारा धातूचा कर्णा, ज्यास खेडोपाडीं भोंगा म्हणतात, तो लोकप्रिय झाला. हातगाडीवर भोंगे बांधून पुढें चाललेली बेंजोची पार्टी किनाऱ्यावरील माणसांच्या परिचयाची आहे. भोंग्याचा तो गुण आजहि खरा आहे. परंतु खर्जाचे स्वर त्यांतून येत नाहींत आणि मधले स्वर टोचूं लागतात. यात्रेंत हरवलेल्या मुलाची घोषणा करण्यास भोंगा उत्तम. गाणें ऐकविण्यास तो अपुरा.

आजच्या फिरत्या यंत्राचे चार भाग मानतां येतील. आवाज झेलणारा माईक; निरनिराळ्या माईकांचे व वाद्यांचे आवाज हवे त्या प्रमाणांत एकत्र करणारा मिक्सर; त्या मिश्रणास बळ देणारा वर्धक, म्हणजे अँप्लिफायर; आणि तें बळ हवेंत सोडणारा स्पीकर. पूर्वीं वर्धक निराळ्या लोखंडी पेटाऱ्यांत असे आणि तो उचलण्यास दोन माणसें लागत. आतां बहुतेक ठिकाणीं तो स्पीकरच्या खोक्यांतच बसविलेला असतो. नव्या पद्धतीचे वर्धक विजेचा अपव्यय फार थोडा करतात, त्यामुळें ते हलके असतात आणि तापतहि कमी. लहान मंडळास असें वर्धकासहित खोकेंच सोयीचें. वर्धक आणि स्पीकर यांची जोडी जुळते कीं नाहीं ही चिंता त्यांत उरत नाहीं.

दुकानांत गिऱ्हाइकापुढें पहिला आंकडा येतो तो वॅटांचा, आणि बहुतेकांची फसगत होते ती तेथेंच. खरा आरंभ वॅटांपासून नव्हे, अंतरापासून करावयाचा. ध्वनीची तीव्रता डेसिबेल या मानानें मोजतात. एक मीटरवरून ऐकलेलें साधें बोलणें सुमारें ६० डेसिबेल भरतें. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबेलनें उतरतो. उलट वर्धकाची शक्ति दसपट केली तेव्हां कोठें १० डेसिबेल वाढतात. स्पीकरच्या माहितीपत्रकांत संवेदनक्षमतेचा एक आंकडा दिलेला असतो. तो ९७ असेल तर त्याचा अर्थ असा, कीं त्या स्पीकरास १ वॅट शक्ति दिली असतां १ मीटरवर ९७ डेसिबेल आवाज मिळतो. १०० वॅट दिले तर ११७. आतां हा आवाज घेऊन मैदानांत चालूं लागावें: २ मीटरवर १११, ४ मीटरवर १०५, ८ मीटरवर ९९, १६ मीटरवर ९३, आणि ३२ मीटरवर, म्हणजे सुमारें शंभर फुटांवर, ८७. यांतून ढोलकीच्या जोरकस थापेसाठीं आणि गाणाऱ्याच्या वरच्या स्वरासाठीं दहाएक डेसिबेलची जागा मोकळी ठेवावी लागते, नाहींतर आवाज फाटतो. म्हणजे शंभर फुटांवरील श्रोत्यास सरासरी ७७ डेसिबेल पोंचले. बसलेल्या जमावाची कुजबूज ६० ते ६५ धरली, तर शब्द स्पष्ट कळण्यास तीवर दहापंधरा डेसिबेल पुरतात. तात्पर्य, सतत १०० वॅट खरेपणानें देणारा एक चांगला स्पीकर देवळापुढील अंगणास पुरतो. दोन असले म्हणजे अंगण दोन्ही बाजूंनीं सारखें भरतें आणि थोडी शक्ति शिल्लकहि राहते.

हें गणित समजलें म्हणजे दुकानांतील हजारों वॅटांची भीति किंवा भुरळ, दोन्ही नाहींशीं होतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा पुष्कळदां क्षणभराच्या शिखराचा असतो. सतत मिळणारी शक्ति त्याच्या निमपट किंवा चौथाईच असते. घेणाऱ्यानें सतत शक्तीचा, ज्यास आर-एम-एस म्हणतात, तो आंकडा विचारावा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबेलनें वाढतो, आणि तेवढा फरक कानास जेमतेम जाणवतो. कानास आवाज दुप्पट वाटण्यास शक्ति दसपट लागते. उलट ८७ संवेदनक्षमतेच्या स्पीकरास १००० वॅट देऊन जें मिळतें, तेंच ९७ संवेदनक्षमतेचा स्पीकर १०० वॅटांत देतो. वॅटांचें मोठेपण मिरविणारें खोकें हें यामुळें कित्येकदां आळशी बैलास जास्त वैरण घालण्यासारखें असतें.

स्पीकरच्या शंकूचा व्यास ८, १०, १२ किंवा १५ इंच असतो. ८ इंची खोकें भजनास किंवा घरांतील हळदीस पुरतें, पण ढोलकीची खर्जाची बाजू त्यांत पोकळ वाटते. १५ इंची खोकें खर्ज भरपूर देतें, पण तें जड असतें, आणि साध्या बनावटीच्या खोक्यांत गाणाऱ्याचा मधला स्वर किंचित् मागें पडतो. गाणें आणि ढोलकी या दोहोंस न्याय द्यावयाचा तर १२ इंची शंकु, आणि तार स्वरांसाठीं त्याच खोक्यांत वेगळा लहान कर्णा, ही जोडी लहान मंडळास बहुधा योग्य ठरते. अलीकडे उभ्या दांड्यांत लहान स्पीकरांची ओळ बसविलेली आणि तळाशीं खर्जाचें एक खोकें असलेली रचनाहि मिळते. ती आवाज आडवा दूरवर पसरविते आणि वर-खालीं कमी सांडते, त्यामुळें सभागृहांत किंवा मंडपांत ती शब्द फार स्पष्ट ऐकविते. पण जोरदार ढोलकीच्या नाचास तिचें तळाचें खोकें पुरेल कीं नाहीं, हें प्रत्यक्ष वाजवूनच ठरवावें.

वॅटांवर पैसे घालण्यापूर्वीं स्पीकर कोठें ठेवावयाचा याचा विचार केला, तर पुष्कळ काम फुकट होतें. खोकें जमिनीवर ठेवलें तर पहिल्या दोन रांगांतील माणसेंच आवाज पिऊन टाकतात. पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांस शब्द लागत नाहींत. तेंच खोकें मजबूत तिपाई स्टँडवर, माणसाच्या डोक्यावर, सुमारें दोन मीटर उंचीवर चढवून किंचित् खालीं झुकविलें, कीं पुढच्या व मागच्या श्रोत्यांतील अंतराची तफावत कमी होते. श्रोते फारच लांबवर पसरले असतील, तर पुढचीं खोकीं मोठीं करण्याऐवजीं मध्यावर आणखी एक लहान जोडी ठेवावी. मात्र ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो, आणि विजेच्या तारेंतून तोच आवाज तत्काळ जातो. म्हणून ३४ मीटर पुढें ठेवलेली जोडी मुख्य जोडीच्या एक दशांश सेकंद आधीं बोलते आणि शब्द दुहेरी ऐकूं येतात. तेवढा विलंब मुद्दाम लावण्याची सोय मिक्सरमध्यें असेल तरच हा उपाय करावा.

समुद्रकिनाऱ्यावर वारा हा आणखी एक भागीदार असतो. दुपारीं तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. वाऱ्याच्या दिशेनें जाणारा आवाज खालीं वळून श्रोत्यांपर्यंत पोंचतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. म्हणून दिवसाच्या कार्यक्रमांत समुद्राकडे पाठ करून गाणें सोयीचें. रात्रीं जमीन थंड पडली म्हणजे थंड हवेचा थर खालीं व उबदार थर वर राहतो, आणि आवाज खालीं वळत दूरवर जातो. दुपारीं कोपऱ्यावर ऐकूं न येणारें गाणें रात्रीं खाडीपलीकडील गांवास ऐकूं जातें तें याच कारणानें. माईकांत वाऱ्याची फरफर शिरूं नये म्हणून त्यावर स्पंजाची टोपी घालावी. तिची किंमत किरकोळ, परंतु पुळणीवरील कार्यक्रम तिच्यावांचून बिघडतो.

माईकांच्या बाबतींत दोन जाति ध्यानांत ठेवाव्या. कंडेन्सर जातीचा माईक नाजूक आवाजहि टिपतो, पण त्यास बहुधा मिक्सरकडून ४८ व्होल्ट वीज पुरवावी लागते आणि दमट हवा त्यास मानवत नाहीं. डायनॅमिक जातीचा माईक दणकट असतो. हातांतून पडला, घामानें भिजला तरी सहसा बिघडत नाहीं. १९६६ मध्यें निघालेला शुअर कंपनीचा एस-एम ५८ हा त्याच जातीचा असून आजहि जगभर गाणारे तो वापरतात. किनाऱ्यावरील मंडळानें डायनॅमिक माईकच घ्यावे, आणि तेहि समोरचा आवाज घेणारे व मागचा टाळणारे असावे. बिनतारी माईक नाचणाऱ्या शाहिराच्या सोयीचा खरा, परंतु त्याची बॅटरी ऐन सवालाच्या वेळीं संपते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. आधीं तारेचे चांगले माईक घ्यावे आणि पैसे उरले तर बिनतारीकडे वळावें.

कार्यक्रमांत कान फोडणारी जी शिट्टी वाजते, ती यंत्राचा दोष नसून मांडणीचा असतो. स्पीकरचा आवाज माईकांत शिरतो, तेथून वाढून पुन्हां स्पीकरांतून येतो, पुन्हां माईकांत शिरतो, आणि हें चक्र क्षणांत शिट्टीचें रूप घेतें. यास उपाय तीन. एक, स्पीकर माईकाच्या पुढें, श्रोत्यांच्या बाजूस ठेवावे. दुसरा, गाणाऱ्यानें माईकाजवळ यावें. एका वितीवरून अर्ध्या वितीवर तोंड आणलें, कीं कोणताहि खर्च न करतां ६ डेसिबेलचा लाभ होतो. तिसरा, लागत नाहींत ते माईक बंद ठेवावे. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, कीं शिट्टीपूर्वीं मिळणारा आवाज ३ डेसिबेलनें घटतो. झांजेपुढें माईक लावण्याची चाल केवळ या कारणासाठींहि सोडून देण्याजोगी आहे. गाणाऱ्यास स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून एक लहान स्पीकर त्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून ठेवतात. मंडळानें यासाठीं थोडे पैसे अवश्य राखावे. गळा वांचविणारी वस्तु हीच.

मिक्सर निवडतांना वाट्यांचा हिशोब करावा. दोन गाणारे, मागें म्हणणाऱ्यांचा एक, ढोलकीचा एक, पेटीचा एक आणि बेंजोचा एक, असे सहा वाटे होतात. दोन शिल्लक धरून आठ वाट्यांचा मिक्सर पुरेसा होतो. बेंजोविषयीं एक विशेष सांगावयास हवें. १९१२ मध्यें जपानांत निघालेल्या ताइशोगोतो वाद्याचा हा भारतीय अवतार. तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबून तो वाजवितात, आणि मंडळांतील बेंजोस विजेचा टिपक बसविलेला असतो. त्या टिपकांतून येणारी वीज फार दुबळी. ती माईकाच्या वाट्यांत सरळ सोडली तर आवाज बोथट आणि घरघरता येतो. वाद्यासाठीं वेगळा वाटा असलेला मिक्सर घ्यावा, नाहींतर मध्यें डी-आय बॉक्स नांवाची लहान डबी लावावी. माईकांच्या लांब वायरी तीन खिळ्यांच्या, एक्स-एल-आर म्हणतात त्या प्रकारच्या असाव्या. तीस मीटर लांबीवरहि त्यांत बाहेरची गुणगुण सहसा शिरत नाहीं.

विजेचा प्रश्न किनाऱ्यावर निकराचा आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांतील विजेचे खांब उन्मळून पडले आणि कित्येक गांवांनीं अनेक दिवस अंधारांत काढले. तसा प्रसंग नित्याचा नसला, तरी पुळणीवर, होडीवर किंवा मिरवणुकींत वीज मिळत नाहीं हें तर रोजचेंच. जनित्र घेतलें तर त्याची घरघर गाण्यांत मिसळते, म्हणून तें वाऱ्याखालीं, दूर ठेवून जाड तारेनें वीज आणावी लागते. बॅटरीवर चालणारें यंत्र शांत असतें, पण तें किती वेळ चालेल याचा हिशोब विकणाऱ्याच्या शब्दावर सोडूं नये. १२ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तासांच्या बॅटरींत ४८० वॅट-तास वीज मावते. बॅटरी शिशाची असेल तर तिचें आयुष्य टिकविण्यासाठीं त्यांतील निम्मीच वापरावी, उरली २४०. गाण्यांत यंत्र सरासरीनें आपल्या शक्तीचा लहानसा अंशच खातें; तो साठ वॅट धरला तर चार तास कार्यक्रम होतो. लिथियमची बॅटरी निम्म्याहून हलकी असते आणि तींतील बहुतेक वीज वापरतां येते. किंमत मात्र अधिक.

याच प्रकरणांत एक धोक्याची सूचना येते. ओल्या वाळूवर अनवाणी उभा असलेला गायक आणि हातांत लोखंडी माईक, ही स्थिति विजेच्या दृष्टीनें भयंकर आहे. गुणगुण थांबविण्यासाठीं प्लगचा जमिनीचा खिळा तोडून टाकण्याची वाईट खोड कित्येकांस असते. ती माणसाच्या जिवावर बेतूं शकते. मंडळाच्या वीजजोडणींत ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आर-सी-सी-बी, असलाच पाहिजे. त्याचे पैसे कोणत्याहि कारणानें वांचवूं नयेत.

यंत्र फिरतें असावें याचा अर्थ काय, हें किनाऱ्यावरील माणसास सांगावयास नको. रेवसहून करंजास लाँचनें किंवा आगरदांड्याहून दिघीस खाडी ओलांडून जावयाचें. धक्क्यावर भरती-ओहोटीप्रमाणें पायऱ्या चढावयाच्या. पुढें वाडींतील अरुंद वाटेनें मांडवापर्यंत चालावयाचें. १२ इंची वर्धकासहित खोकें सामान्यतः १५ ते १८ किलो भरतें आणि एक माणूस तें उचलतो. १५ इंची खोकें २० किलोच्या आसपास जातें. केवळ खर्जासाठीं असलेलें १८ इंची खोकें ४० किलोच्या पुढें जातें. तें घेतलें म्हणजे टेंपो आणि दोन हमाल कायमचे पदरीं आले. प्रत्येक वस्तु मंडळांतील एकाच माणसास उचलतां यावी, आणि सर्व सामान एका रिक्षांत मावावें, हा नियम ठेवला तर भाड्यांत बिदागी जात नाहीं.

खाऱ्या हवेपासून यंत्र सांभाळणें हाहि निवडीचाच भाग समजावा. लाकडी भुशाच्या फळीचें खोकें ओलाव्यानें फुगतें. चांगल्या प्लायवुडचें टिकतें, आणि जाड प्लॅस्टिकचें हलकें असून पाण्यास दाद देत नाहीं. समोरची जाळी रंग दिलेली असावी, खिळे व स्क्रू न गंजणारे असावे. कार्यक्रम संपला कीं कोरड्या फडक्यानें खोकीं, माईक व वायरींचीं टोकें पुसावीं. जून ते सप्टेंबरपर्यंत काम नसलें, तरी आठवड्यांतून एकदां यंत्र तासभर चालू करावें, म्हणजे आंतील ऊब ओलावा घालविते. शिशाची बॅटरी पावसाळाभर रिकामी ठेवली तर ती सप्टेंबरांत टाकूनच द्यावी लागते. तिला महिन्यास भरणी हवी.

शेवटीं कायद्याची गोष्ट, आणि तीवरून पुन्हां मूळ मुद्द्यावर येतां येतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत तो उघड्यावर वाजवितां येत नाहीं. सणांच्या निमित्तानें वर्षांतून पंधरा दिवसांपुरती ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हे निर्बंध उचलून धरले. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असूं शकतें. निवासी वस्तींत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल, आणि ध्वनिवर्धक वाजतो त्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर तीवर १० किंवा एकूण ७५, यांपैकीं जें कमी असेल तें, म्हणजे ६५. आतां मघाचें गणित पुढें न्यावें. ३२ मीटरवर ७७ डेसिबेल देणारें यंत्र ६४ मीटरवर ७१ देतें आणि १२८ मीटरवर ६५. म्हणजे १०० वॅटांचा एक साधा स्पीकरच चारशें फुटांवर कायद्याच्या रेषेस जाऊन भिडतो. यापेक्षां दसपट मोठें यंत्र घेणारें मंडळ जी शक्ति विकत घेतें, ती वस्तींत वापरण्याची त्यास मुभाच नाहीं. लहान यंत्र, उंच स्टँड आणि श्रोत्यांकडे वळलेलीं तोंडें, यांतच कायदाहि राहतो, शेजाऱ्याची झोंपहि राहते आणि शब्दहि राहतो.

खरेदीच्या दिवशीं मंडळानें दुकानांत लावलेल्या ध्वनिमुद्रित गाण्यावर भाळूं नये. तीं गाणीं कोणत्याहि खोक्यांतून गोड लागतात. स्वतःचा गाणारा, स्वतःची ढोलकी आणि स्वतःचा बेंजो घेऊन यंत्र एक संध्याकाळ भाड्यानें मिळत असेल तर तें मोकळ्या पटांगणांत लावावें. गाणाऱ्यानें नेहमींच्या आवाजांत गावें, आणि मंडळांतील एकानें शंभर फूट चालत जाऊन पाठ फिरवून उभें राहावें. मग गाणाऱ्यानें त्यास ठाऊक नसलेलीं दहा गांवांचीं किंवा माणसांचीं नांवें ढोलकी वाजत असतांना उच्चारावीं, आणि त्यानें तीं लिहून काढावीं. फोनवरील ध्वनिमापक अंदाजापुरता जवळ असूं द्यावा, परंतु निकाल त्या कागदावर लागेल. दहांपैकीं दहा नांवें बरोबर उतरलीं आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर ताण पडला नाहीं, तर त्या मंडळास हवें तें यंत्र सांपडलें. मग त्यावर वॅटांचा आंकडा कितीहि लहान छापलेला असो.